दुसरीला उशीर झाला

“थोरलीने गं लावला दिवा, तिसरीने तो नेला, धाकटीच्या गं हाती दिला, दुसरीला उशीर झाला!”

आवाज फियाटच्या बॉनेटखालून आला होता. तरुण, जरा घोगरा, दातांत पाना धरून म्हटल्यासारखा चेपलेला. आणि चाल अशी बेसूर की बिल्डिंगच्या गॅलऱ्यांतून बायका हसायला लागल्या होत्या. जयंतीला मात्र हसू आलं नव्हतं. आपण केलेली ओळ दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो, तसा तिच्या अंगावर आला होता. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं तेव्हा. गाडी कुणाकुणाच्या हातून फिरून आलेली, सकाळी सुरू होताना रुसणारी. तिला चार प्लग, चार वायरी, आणि कुठल्या प्लगला आधी ठिणगी जायची याचा ठरलेला क्रम: एक, तीन, चार, दोन. देवदत्त अंधेरीच्या कारखान्यात मीटर दुरुस्त करायचा. हातात जादू होती, पण पाठांतराच्या नावाने शंख. “जयू, तीन आधी की दोन गं?” असं दर खेपेला ओरडायचा. जयंती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. अर्ध्या उपनगराचे नंबर तिच्या डोक्यात होते, आणि आईच्या जात्याशेजारी झोपून ऐकलेल्या ओव्या त्याच्याही खाली, तळाला. एका दुपारी तांदूळ निवडता निवडता तिने चार प्लगांच्या चार बहिणी केल्या, दिवा कुणाकडून कुणाकडे जातो ते चार ओळींत बांधलं आणि त्याला सांगितलं, “दुसरीला उशीर होतो एवढं लक्षात ठेवा, म्हणजे झालं.” त्यानंतर तो कधी चुकला नाही.

तोच आवाज आज सकाळपासून तिच्या कानात होता, आणि त्या आवाजाचा मालक, आता पंच्याहत्तरीला टेकलेला, ‘पाकोळी’च्या पोटात वाकून बसला होता. मानेमागची हाडं वर आलेली, बनियनला मध्यभागी घामाचा नकाशा. गोराईच्या खाडीला भरती चढत होती. तिवरांच्या मुळ्या एकेक करून बुडत होत्या, चिखलातले खेकडे आपापल्या बिळांत शिरत होते, आणि पलीकडच्या जेट्टीवरून फेरीबोटी माणसं आणि स्कूटरी घेऊन सुटत होत्या. त्यांच्या डिझेलच्या धडधडीपुढे पाकोळी अगदी गप्प होती. पाकोळी म्हणजे लाकडी लाँच, लहानशी, एका क्लबाने मोडीत काढलेली. मुलगा मिहिर शाळेत असताना देवदत्तने ती आणली आणि तिच्या पोटातलं जुनं विलायती पेट्रोल इंजिन खोलून, धुऊन, पुन्हा जिवंत केलं. खाडीवरचे सगळे त्याला डिझेल बसवायला सांगून थकले. “पेट्रोलचं इंजिन बोलतं,” तो म्हणायचा, “डिझेलचं नुसतं भांडतं.”

“वैनी, ह्यां इंजिन आज तरी बोलतला मा?” धक्क्यावरून धोंडू हसत विचारत होता. बांधून ठेवलेल्या होड्यांवर लक्ष ठेवणारा, मालवणकडचा, कमरेला टॉवेल, हातात दोराचं वेटोळं. त्याचं नाव जयंतीला एकदम सुचलं नाही. उन्हामुळे असेल. “बोलेल हो दादा,” ती म्हणाली, “तुमच्या तोंडात साखर पडो.” मग नाव आलं, जरा उशिराने, पायऱ्या चढून धापा टाकत आल्यासारखं: धोंडू. आज बोलायलाच हवं होतं त्याने. धक्क्याची ही बाजू कसल्याशा बांधकामासाठी मोकळी करायची होती; ज्या होड्या स्वतःच्या इंजिनाने जातील त्यांना धोंडूने समोरच्या काठावर जागा बघून ठेवली होती, आणि ज्या जाणार नाहीत त्या भंगारवाल्याच्या. एवढं उंच पाणी आजच्यानंतर लवकर येणार नव्हतं. पण जयंतीला काळजी होती ती पाकोळीची नव्हे. आज इंजिन सुरू झालं नाही तर मिहिर म्हणणार, ‘बाबांना आता जमत नाही, आई, मान्य कर’. आणि तसं कुणी मोठ्याने म्हटलं की ते खरं होऊन बसेल, याची तिला भीती होती. इतके महिने ती ते कुणालाही म्हणू देत नव्हती. स्वतःलाही नाही.

तिने ते पहिल्यांदा पाहिलं तो रविवार हिवाळ्यातला होता. इंजिन बरेच दिवस बंद होतं, म्हणून देवदत्तने प्लग काढून पुसले, परत बसवले आणि वायरी लावायला घेतल्या. ती समोर बसून संत्रं सोलत होती. त्याच्या हाताने पहिली वायर पहिल्यावर गेली, चौथी चौथ्यावर. आणि मग, अगदी सहज, दाराला कडी लावावी तसं, जी तिसरीला जायला हवी ती त्याने दुसरीला लावली आणि दुसरीची तिसरीला. संत्र्याची फोड तिच्या बोटांत तशीच राहिली. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, ना शंका, ना अडखळणं. ज्या माणसाला तिने स्वतःच्या ओवीने चालायला शिकवलं होतं, त्याच्यातून ती ओवी निघून गेली होती आणि त्याला पत्ताही नव्हता. घरातला एखादा दागिना गेल्याचं आपल्याला दिसावं आणि ज्याचा गेला तो शांतपणे वर्तमानपत्र वाचत बसावा, तसं झालं. तिच्या तोंडाशी शब्द आले होते: अहो, उलट लावलीत. ते तिने संत्र्याबरोबर गिळले. तो हात धुवायला धक्क्यावरच्या बादलीकडे गेला. साबणाने, मातीने, पुन्हा साबणाने, असा त्याचा हात धुण्याचा सोहळा असतो. तेवढ्यात तिने वाकून वायरींच्या टोकाच्या दोन टोप्या प्लगांवरून उपटल्या आणि अदलाबदल करून दाबून बसवल्या. टक्, टक्. एक्स्चेंजच्या बोर्डावर चुकीच्या भोकात गेलेली पिन काढून बरोबर भोकात घालावी, इतकं सोपं. कुणाला कळलं नाही, कुणाचा अपमान झाला नाही. मग ती चावीपाशी जाऊन बसली. पाकोळीवरची ही जुनी रीत होती: इंजिनापाशी तो, चावीला ती.

इंजिन त्या दिवशी खोकलं आणि मेलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा खोकलं. कार्ब्युरेटरातून एक फटाका उडाला, बगळा उडून गेला. देवदत्तने इंजिनाकडे बराच वेळ पाहिलं, आणि मग तो म्हणाला, “पॉइंट बघायला हवेत.”

तेव्हापासून दर रविवारी तेच. ठिणगी पाडणारे पॉइंट काढून त्याने बारीक पॉलिशपेपरने घासले. दोन चकत्यांमधली फट जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा घालून जमवली. मग कंडेन्सर बदलला. मग कॉइल. चारही वायरींना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून आतली खारट हवेने दमट झालेली पूड पुसली, रोटरला कुठे केसाएवढी चीर आहे का म्हणून चष्मा कपाळावर चढवून उन्हात धरून पाहिलं. प्रत्येक प्लग काढून इंजिनाच्या अंगावर टेकवून धरला आणि म्हणाला, “फिरव.” तिने फिरवलं की ठिणगी उडायची, निळी, करकरीत, अगदी निरोगी. सगळ्या प्लगांना. “करंट आहे,” तो म्हणायचा. “पेट्रोल आहे. हवा आहे. मग याला झालंय तरी काय?” आणि वायरी परत लावायचा, परत उलट्या. तो हात धुवायला जायचा, ती सुलट करायची, इंजिन खोकून मरायचं. नसेल ओवीत दोष तर आणखी कुठेतरी असेल, जुनं यंत्र आहे, एकच दुखणं थोडंच असतं म्हातारपणी. असं ती मनाला सांगायची. पण ज्या गोष्टीने तिला रात्री जाग यायची ती ही नव्हती. तिला दिसायचे त्याचे हात. किती विश्वासाने चुकत होते ते.

आणि एकदा नजर तशी झाली की घरभर तेच दिसायला लागलं. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर त्याने चिठ्ठ्या चिकटवल्या: तूरडाळ, साखर, रवा. “अहो, हे काय? मला काय डोळे नाहीत?” ती म्हणाली तर कसनुसं हसून म्हणाला, “मला सापडत नाही गं, मी आंधळा.” ती आत जाऊन रव्याच्या डब्यावर हात टेकून उभी राहिली. गॅसचा खालचा नॉब तो आता सारखा बंद करायचा, मध्येच, दूध निम्मं तापलेलं असताना. एकदा भाजी घेऊन परतताना म्हणाला होता, औषधाच्या दुकानापाशी थांब, मी रिक्षा आणतो. ती थांबली. सावली सरकून पायावरून पलीकडे गेली तरी हा येईना. शेवटी आला तो दुसऱ्याच बाजूने, धावत, शर्टाची बटणं वरखाली लागलेली, चेहरा पांढराफटक. “मी तिकडे शोधतोय तुला, जयू! देवळापाशी म्हटलं होतं ना?” “औषधाच्या दुकानापाशी म्हणालात.” भर रस्त्यात तिचा हात त्याने दोन्ही हातांत घट्ट धरला, जे त्याने तरुणपणी सिनेमाच्या अंधारातही केलं नव्हतं, आणि म्हणाला, “हो. माझंच चुकलं.”

माझंच चुकलं! हे तर सगळ्यात भयंकर होतं. उभ्या आयुष्यात या माणसाने चूक कबूल केली नव्हती. घराला रंग कुठला ते मिहिरची शाळा कुठली, हरला तरी म्हणायचा, “तुझंही बरोबर आहे, पण.” त्या ‘पण’वर ती किती चिडायची. आता तो ‘पण’ गेला होता. पंख्याचं बटण, दुधाची पिशवी, अर्धवट राहिलेली आंघोळ, हरवलेला चष्मा, जो नंतर तिच्याच पर्समध्ये निघाला, सगळ्याला एकच: माझंच चुकलं, जयू. त्याच्या आतली एकेक भिंत खचत चाललीय आणि तो नम्रपणे बाजूला होऊन तिला वाट देतोय, असं तिला वाटायचं. मिहिर मुलुंडहून रोज फोन करायला लागला होता. पूर्वी आठवड्याने करायचा. आधी तिच्याशी बोलायचा, जेवलीस का, आज वार कुठला गं, अशी लहान मुलासारखी थट्टा. मग म्हणायचा, बाबांना दे. देवदत्त फोन घेऊन गॅलरीत जायचा, दार ओढून घ्यायचा. काचेतून तिला त्याची पाठ दिसायची. पोरगा बापाला समजावत असणार. एका डॉक्टरकडेही मिहिरनेच पाठवलं होतं, दोघांनाही बरोबर. डॉक्टर फार शहाणी मुलगी. देवदत्तला अवघडायला नको म्हणून तिने सगळे प्रश्न आधी जयंतीलाच विचारले: पंतप्रधान कोण, शंभरातून सात गेले किती, हे तीन शब्द लक्षात ठेवा, एक घड्याळ काढा बरं. जयंतीने ते सगळं केलं, हसत हसत, नवऱ्याला धीर यावा म्हणून. घड्याळ काढताना आकडे एका बाजूला जरा दाटीवाटीने आले. “माझी चित्रकला पहिल्यापासून अशीच,” ती म्हणाली. देवदत्त खिडकीबाहेर बघत होता. घाबरलाय बिचारा, तिला वाटलं, आता आपली पाळी म्हणून. पण त्याची पाळी आलीच नाही. डॉक्टरीण म्हणाली, आज एवढं पुरे.

“जयू, वास घे.” देवदत्तचा आवाज. ती दचकली. पाकोळी जराशी हलली, पाणी आता तिच्या बुडाखाली पुरतं आलं होतं. पेट्रोलच्या इंजिनाचा हा नियम: सुरू करायच्या आधी झाकण उघडं ठेवायचं, पोटात वाकून वास घ्यायचा; तळाशी पेट्रोलची वाफ साठली असेल तर एका ठिणगीने होडी उडायची. वास घ्यायचं काम कायम जयंतीचं, कारण तिचं नाक तिखट. शेजारच्या घरात फोडणीला हिंग जास्त पडला तर तिला कळायचं. ती वाकली. खोल श्वास घेतला. काळोख होता आत, थंडगार लोखंड. “काही नाही. स्वच्छ.” तो मान डोलावून पुढे आला आणि तिच्याच जागी वाकून त्याने पुन्हा वास घेतला. हेही हल्लीचंच. मग खाली कुठलीशी नळी त्याने चिमटीत धरली, पान्याने आवळली, फडक्याने पुसली, आणि पुठ्ठ्याने वारा घालत बराच वेळ बसून राहिला. फडकं त्याने लांब टाकलं. संशयी झालाय, तिला वाटलं. असंच होतं म्हणे, आपल्याच माणसावरचा विश्वास उडतो. डोळ्यांत पाणी आलं ते तिने पदराच्या टोकाने टिपलं. एवढी वर्षं तिने या माणसाबरोबर काढली. आता हळूहळू तो एकेक खोली बंद करत आत आत जाणार आणि शेवटच्या खोलीचं दार लावताना तिच्याकडे पाहून विचारणार, आपण कोण? ती तेव्हा काय सांगणार? मी जयू. मी चावी फिरवते.

एक्स्चेंजमध्ये असताना रात्रपाळीला कधी कधी असं व्हायचं: बोर्डावर लांब कोपऱ्यात एक दिवा लागायचा, पिन घालून ‘बोला’ म्हटलं तर पलीकडे नुसता वारा. गावाकडची कुठलीशी लाइन, तारेवर पाऊस पडत असायचा, खोल आत कुणीतरी काहीतरी म्हणत असायचं. सगळ्या मुली लगेच पिन काढायच्या. जयंती काढायची नाही. ती ऐकत बसायची. हल्ली ते दिवे तिला पुन्हा लागताना दिसतात, जागेपणीच, चहा ओतताना, केस विंचरताना. कुठेतरी काहीतरी लागतं, ती वळते, आणि पलीकडे वारा. ती त्याचा फार विचार करत नाही. या वयात एकाने विसरायचं तर दुसऱ्याने दोघांचं लक्षात ठेवायचं, आणि दोघांचं ओझं म्हटल्यावर एखादी गोष्ट हातातून सुटणारच.

“चला,” देवदत्त म्हणाला. सकाळपासून त्याने सगळं नव्याने तपासलं होतं. प्लग काढून परत लावले, ठिणगी पाहिली, निळीच. दोनदा सगळं जुळवलं, दोनदा तो हात धुऊन आला, दोनदा तिने आपलं काम केलं, दोनदा इंजिन खोकून गप्प झालं. धोंडू दुसऱ्या वेळी हसला नाही. “देवदत्तभाऊ, पाणी उतराक लागतला आता,” एवढंच म्हणाला आणि टॉवेलने तोंड पुसत पलीकडच्या होडीवर जाऊन बसला. आता तिसरी खेप. तिने पाहिलं: पहिली पहिल्यावर. चौथी चौथ्यावर. आणि दुसरी-तिसरी पुन्हा तशाच, उलट. त्याची काळी बोटं टोपी दाबून बसवताना क्षणभर त्या दोन वायरींवर रेंगाळली. डोक्यावरून हात फिरवावा तशी.

आता हात धुवायला जा. ती मनात म्हणाली. जा ना.

तो गेला नाही. इंजिनाशेजारच्या फळीवर बसला, काळे हात गुडघ्यांवर उपडे ठेवून. फेरीबोटीची लाट आली, पाकोळी वर गेली, खाली आली. त्याचे डोळे तिच्या तोंडाकडे लागलेले.

“हात धुऊन या ना,” ती म्हणाली.

“राहू दे.”

“अहो, काळे झालेत. चावीला लागतील, कपड्यांना लागतील.”

“लागू देत, जयू.”

“भरती जाईल हो.”

“म्हणूनच.”

तो इथून हलला नाही तर वायरी तशाच राहणार, इंजिन खोकणार, पाणी उतरणार, मिहिर ते वाक्य म्हणणार. एक क्षण वाटलं, असंच फिरवावी चावी, जे होईल ते होईल. पण हात उठेना. इतके महिने जे पदराखाली झाकून धरलं ते आता धरवत नव्हतं. आणि दुसऱ्या कुणी, पोराने किंवा डॉक्टरणीने, सांगण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. आपण हळू सांगू. ती उठून त्याच्याजवळ आली, फळीवर टेकली. त्याच्या मनगटावर हात ठेवला तर तेल तिच्या बोटांना लागलं, कोमट.

“एक सांगू? रागवायचं नाही.”

“नाही रागवत.”

“आणि घाबरायचं पण नाही. मी आहे ना. काही झालं तरी मी आहे. तुम्ही वायरी उलट लावता हो. दुसरी आणि तिसरी. पुष्कळ दिवस झाले. मी बघते, आणि तुम्ही हात धुवायला गेलात की नीट करून ठेवते. म्हटलं नाही कधी. वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल. ओवी विसरलात तुम्ही. एवढंच. विसरतं माणूस. मी परत शिकवीन, हां? रोज शिकवीन, रोज विसरलात तरी शिकवीन. म्हणा माझ्याबरोबर. थोरलीने गं लावला दिवा...”

“तिसरीने तो नेला,” तो म्हणाला.

तिचा हात त्याच्या मनगटावरून सुटला.

“धाकटीच्या गं हाती दिला, दुसरीला उशीर झाला.” सबंध म्हणाला, कुठेही न अडखळता, त्याच जुन्या बेसूर चालीत. फक्त आवाजात आता पाना नव्हता, दुसरंच काहीतरी अडकलं होतं. “ही फियाटची ओवी, जयू. फियाट विकली आपण. मिहिर पोटात होता तेव्हा.”

“हो, पण...”

“पाकोळीचा क्रम वेगळा आहे. एक, दोन, चार, तीन. हे इंजिन आणलं तेव्हा मी गोंधळायला लागलो, फियाटची ओवी तोंडात बसलेली. तर तू इथेच, या फळीवर बसून दुसरी केलीस. खाडीवर वारा होता त्या दिवशी.” त्याने डोळे मिटले. “थोरलीने गं लावला दिवा, दुसरीने तो नेला, धाकटीच्या गं हाती दिला, तिसरीने पदर आड केला.”

ती ऐकत होती. चाल तिची होती. शब्दांची वीण तिची होती, ‘गं’ कुठे टाकायचा ती खोड तिची, आईची, जात्यापासून आलेली. आणि ही शेवटची ओळ तिने जन्मात ऐकली नव्हती. किती छान आहे, तिला वाटलं. कुणी केली असेल? लांब कुठेतरी कोपऱ्यात एक दिवा लागला, ती वळली, आणि पलीकडे वारा होता.

“कुणाची ही?” असं तिला विचारायचं होतं. पण तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहून दाढीच्या खुंटांत अडकत होतं, आणि तो ते पुसत नव्हता, कारण हात काळे होते.

“वायरी मी बरोबरच लावतो,” देवदत्त म्हणाला. “दर रविवारी. मी गेलो की तू त्या बदलतेस. पहिल्या खेपेला मला वाटलं माझाच हात चुकला. दुसऱ्या खेपेला धक्क्यावरून पाहिलं तुला. तेव्हाच सांगायचं होतं. नाही जमलं. पॉइंट घासले, कॉइल बदलली, नसलेलं दुखणं शोधत बसलो, म्हटलं तेवढाच आणखी एक रविवार. हात धुवायला मी मुद्दाम जायचो, जयू. लांबवायचो. पाठ करून उभा राहायचो आणि वाटायचं, आज तुझा हात त्या टोपीपर्यंत जाईल आणि आपला आपण थांबेल. तुला आठवेल.” त्याने श्वास घेतला, तो मध्येच तुटला. “डॉक्टरणीने घड्याळ तुलाच काढायला सांगितलं होतं. मला नाही. सगळं तुझ्यासाठीच होतं. विसरतोय तो मी नाही गं, जयू. तू विसरतेयस.”